येसबा गुरवाची माकडं

येसबा गुरव मला कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला खोटारडा म्हणायला नको. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्यात रीत आहे. ती मी पाळणार नाही. तो तिरसट होता, उर्मट होता, आल्यागेल्याचा पाणउतारा करण्यात त्याला खरं समाधान मिळायचं. शिवाय त्यानं माझ्या गळ्यात जे बांधून ठेवलंय, त्याचा राग इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही.

भोरला संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. पंचविशी नुकतीच उलटलेली, अंगात कोट, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. भोरहून पश्चिमेला, घाटाच्या तोंडाशी एक वाडी आहे. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांची नातवंडं अजून तिथं नांदताहेत. वाडीच्या वरच्या अंगाला टेकाडावर मारुतीचं देऊळ, मागं दाट रान, आणि त्या रानात माकडांचा मोठा कळप. लालसर तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली माकडं. शनिवारी वेल्ह्याकडचे, नसरापूरचे, क्वचित पुण्याचेही लोक यायचे. देवाला आलो असं म्हणायचे, पण यायचे माकडं बघायला.

येसबा त्या देवळाचा गुरव. पन्नाशीचा, उंच, वाळका, एक खांदा खाली उतरलेला. पूजा आणि दिवाबत्ती त्याच्याकडं. उरलेल्या वेळात पळसाच्या पत्रावळी लावायच्या आणि वाडीतल्या लग्नकार्यांना पुरवायच्या. कधीही बघा, मांडीवर पानं, दातात पानं टोचायची बांबूची बारीक चोय, आणि शेजारी चोया काढायचा विळा. देवळाच्या अलीकडं पायवाटेला शेवटचं वळण होतं, तिथल्या सपाट दगडावर तो बसलेला असायचा. त्याला चुकवून वर जाता येत नसे.

मी पहिल्यांदा गेलो तो बायको आणि सासऱ्यांना घेऊन. सासरे पुण्याला एका कचेरीत हेडक्लार्क. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. नव्या जावयाचं गाव बघायला आले होते आणि भोरात दोन दिवसांत त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडचं सगळं संपलं होतं. म्हणून मी त्यांना माकडं दाखवायला बैलगाडीतून वाडीवर नेलं.

वळणावर येसबानं मान वर न करता हात आडवा केला. “गाठुडी हितं ठिवा.”

दगडापाशी एक लाकडी पेटी होती, तिला कुलूप.

“अहो, त्यात आमचे लाडू आहेत,” सासरे म्हणाले.

“म्हनूनच.”

मी पुढं झालो. तेव्हाच्या रीतीप्रमाणं, आणि माझ्या मिजाशीप्रमाणं, मी त्याला अरे-तुरे केलं. “अरे, मी भोरच्या शाळेतला मास्तर आहे. ही आमची माणसं आहेत. माकडांना चार फुटाणे घालतील, हात जोडतील आणि जातील.”

“फुटानं कुठं हाईत?” त्यानं विचारलं. मी कोटाच्या खिशावर हात ठेवला. तो उठला, माझ्या खिशात सरळ हात घातला, पुडी काढली आणि पेटीत टाकली. बायकोसमोर आणि सासऱ्यांसमोर. शाळेतल्या पोराच्या खिशातली चिंच मीसुद्धा इतक्या बिनदिक्कत काढत नसे.

वर नेऊन त्यानं आम्हाला देवळाच्या ओट्यावर, रानाकडं पाठ नाही आणि तोंडही नाही असं कडेनं बसवलं. मग प्रत्येकाच्या मांडीवर पळसाची पानं आणि चोया टाकल्या. “लावा,” म्हणाला.

सासऱ्यांना आधी कळेचना. “आम्ही माकडं बघायला आलोय हो. पत्रावळी लावायला नाही.”

“माकडं बगायची तर पत्रावळ लावा. न्हाईतर मारुती बगा आन जावा.”

आता हसू येतं, पण तेव्हा माझं डोकं भणाणून गेलं होतं. लोकांकडून फुकटात काम करून घ्यायची ही चांगली युक्ती काढलीस, असं मी त्याला म्हणालोही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, सासऱ्यांच्या हातातलं पान सरळ करून दिलं. “तुमी त्यास्नी बगायचं न्हाई,” तो म्हणाला. “त्येंनी तुमास्नी बगून कंटाळाय पायजेल. मंग तुमी बगा. हातात काम आसलं की मान खाली ऱ्हाती. डोळ्याला डोळा लावला की त्यास्नी वाटतं, ह्यो भांडाय आला. आन कोन अंगावर आलं तर पळायचं न्हाई. बसून ऱ्हायाचं. पळत्याच्या मागं ती लागत्यात.”

आम्ही मुकाट्यानं पानं टोचत बसलो. बराच वेळ काही नाही. मग जांभळीवरून एक उतरलं, मग दोन. पलीकडच्या खडकावर, वीसेक पावलांवर, एक म्हातारी मादी आली आणि दुसरीच्या पाठीतले केस विंचरू लागली. आणखी एकीच्या पोटाला एवढंसं पिल्लू चिकटलेलं होतं. ते उतरून दोन पावलं गेलं की ती त्याला शेपटीला धरून मागं ओढायची, ते पुन्हा जायचं, ती पुन्हा ओढायची. आमच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. माझी बायको पान हातात तसंच धरून हे बघत राहिली. तिचा चेहरा इतका निवळलेला मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. हे मी करायला हवं होतं, आणि ते करून दाखवलं त्या उर्मट माणसानं. याचाही मला रागच आला.

तेवढ्यात ते पिल्लू गडगडत खाली आलं आणि सासरे मोठ्यानं हसले, अगदी दाढा दिसेपर्यंत. खडकावरचा मोठा नर एकदम उठून बसला, भुवया वर गेल्या आणि त्यानं जबडा उघडून सुळे दाखवले.

“सासरेबुवा, तोंड मिटा,” येसबा शांतपणे म्हणाला.

“काय म्हणालात?”

“दात दिसत्यात. त्यांच्यात दात दावला म्हंजी भांडान काढलं. तोंड मिटा आन पानाकडं बगा.”

पुण्याच्या कचेरीत ज्यांच्यासमोर कारकून चळाचळा कापत, त्या माझ्या सासऱ्यांनी तोंड मिटलं आणि खाली मान घालून पान टोचायला घेतलं. नर थोडा वेळ बघत राहिला, मग पुन्हा आडवा झाला. परतताना गाडीत मात्र सासऱ्यांना कंठ फुटला. “जावईबापू, तुमचं तिथला गुरवसुद्धा ऐकत नाही. मुलं तरी ऐकतात ना?” बायको पदरात हसली. ते हसू मी विसरलो नाही.

पुढं वाडीच्या पाटलाचा मुलगा माझ्या वर्गात आला आणि त्या निमित्तानं पाटील घरी यायला लागले. मी येसबाबद्दल तक्रार केली तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. माकडांना हातानं खायला घालायची सवय येसबानंच लावली होती. तरुणपणी तो घंटा वाजवायचा, माकडं रानातून धावत यायची, आणि हा त्यांना तळहातावरून फुटाणे चारायचा. लोक बघायला लांबलांबून यायचे. त्याची छाती फुगायची. मग एका शनिवारी वाडीतली एक पोर एकटीच नैवेद्य घेऊन वर आली. माकडांनी ताटाला हात घातला, पोरीनं ताट सोडलं नाही. तिचा ओठ फाटला. पोर जगली, पण त्या ओठापायी तिचं लग्न जमायला फार वर्षं गेली.

वाडी चवताळली. पाटलांच्या भावाकडं ठासणीची बंदूक होती. पण मारुतीच्या दारातली माकडं मारायची म्हणजे देवाला विचारायला हवं. कौल लावायचं ठरलं. आणि कौल लावणार कोण? गुरवच. येसबानं मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, की हितनं पुढं आनखी एक मानूस जरी फाडलं, तर कळप मारावा का? उजवं फूल पडलं तर हो. सगळी वाडी बघत होती.

“उजवंच पडलं,” पाटील म्हणाले. “त्येनंच मोठ्यानं सांगितलं, उजवं पडलं म्हनून.”

मी त्याच्या जागी असतो तर फूल नीट चिकटवलंच नसतं. डावं पडेल असं बघितलं असतं. कुणाला कळलं असतं? पण हा माणूस देवासमोर खोटं करणारा नव्हता. स्वतःच्या हातानं त्यानं कळपावर बंदूक रोखून ठेवली, आणि मग घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळून तो वळणावरच्या दगडावर जाऊन बसला. त्या दिवसापासून वर जाणारा प्रत्येक माणूस त्याचा वैरी झाला. ज्याच्या मुठीत दाणे, तो कळपाला मारायला आलेला.

हे कळल्यावर मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. चूक याची आणि शिक्षा आम्हाला का, असंच वाटलं. नसरापूरच्या एका व्यापाऱ्यानं नवस फेडायला अख्खं पोतं फुटाणे आणले होते, तेव्हाही मी तिथं होतो. व्यापारी म्हणाला, मारुतीच्या माणसांना घालायचेत. येसबा म्हणाला, “मारुतीची म्हनत्यात ती काळ्या तोंडाची वांदरं. ही माकडं. ह्येंचं आन देवाचं काय बी नातं न्हाई.” पोतं त्यानं गाभाऱ्यात नेलं, देवासमोर ठेवलं, दार ओढून घेतलं, पाच मिनिटांनी उघडलं. “खाल्लं देवानं. पोचलं.” पोतं खाली वाडीत पोरांना वाटायला पाठवलं. व्यापारी त्याला काय काय बोलला, ते लिहिण्यासारखं नाही. येसबा ऐकत पत्रावळ लावत राहिला. त्यानं कळपातल्या एकाही माकडाला नाव दिलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “नाव ठिवलं की हाक मारावी वाटती.”

आता माझं. इथपर्यंत मी त्याच्याबद्दल बोललो, आता स्वतःबद्दल बोलणं भाग आहे.

दोन वर्षांनी सासरे पुन्हा आले आणि पुन्हा त्यांनाच माकडं बघायची हौस आली. या खेपेस मी कोटाच्या अस्तरात, शिवण उसवून, फुटाण्यांची पुडी ठेवली. येसबानं खिसे चाचपले, पण अस्तराला हात लावला नाही. सासरे आणि बायको ओट्यावर पानं घेऊन बसली. मी जरा पाय मोकळे करतो म्हणून देवळाच्या मागं गेलो. माझा बेत साधा होता. एक माकड हातावर घ्यायचं आणि मग सासऱ्यांना हाक मारायची. बघा, माझं माकडंसुद्धा ऐकतात. एवढ्यासाठी. मला सगळं ठाऊक होतं, पोरीचा ओठ, कौल, बंदूक, आणि तरीही एवढ्यासाठी.

मी तळहातावर दाणे धरले. मोठा नर आला. येताना तो मला दिसला त्यापेक्षा जवळ आल्यावर फार मोठा वाटला, आणि मी घाबरून मूठ मिटली. त्यानं दोन्ही हातांनी माझी बोटं उघडायचा प्रयत्न केला, अगदी माणसासारखी, एकेक. मी हात हिसकला. मग काय झालं ते मला दिसलं नाही. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत हात फाटला होता आणि दाणे रक्तात पडले होते.

मी ओरडलो. सगळ्यात आधी येसबा पोचला, हातात विळा तसाच. त्यानं दाणे बघितले, माझा हात बघितला. माझा हात धरून त्यानं वर उचलला, तेव्हा रक्त त्याच्या विळ्यावरही ओघळलं. मग त्यानं पायानं दाण्यांवर माती लोटली. मला तेव्हा वाटलं, हा आता मला खरोखरच विळा मारणार.

सासरे आणि बायको आली. खालच्या शेतातून पाटील, त्यांचा बंदूकवाला भाऊ आणि आणखी दोघं धावत वर आले. पाटलांनी हात बघितला. सुळ्यानं चिरलेलं आणि विळ्यानं चिरलेलं यात लांबून काही फरक कळत नाही.

“माकडानं का?” पाटलांनी विचारलं. विचारताना ते आपल्या भावाकडं बघत होते.

“न्हाई,” येसबा म्हणाला. “म्या मारला. ईळा.”

“का पर?”

“ऐकत न्हवता. लई दिस झालं ऐकत न्हवता. डोकं फिरलं माजं.”

ज्यानं देवासमोर फूल खोटं पडू दिलं नाही, तो पाटलासमोर उभा राहून, रक्ताचा विळा हातात धरून, सरळ खोटं बोलला. पाटील माझ्याकडं वळले. “मास्तर, खरं का ह्ये?”

येसबानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विनवणी नाही, डोळ्यांची खूण नाही, काही नाही. सासरे बघत होते. बायको बघत होती. मी मान हलवली. हो म्हणून.

माकडं वाचावीत म्हणून मी मान हलवली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. अस्तरातली पुडी सासऱ्यांना कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. कळप वाचला तो आपोआप. भोरच्या दवाखान्यात कंपाउंडरनं टाके घातले आणि विचारलं, तेव्हाही मी गुरवाचा विळाच सांगितला. पुढं वर्षानुवर्षं, कुणीही हातावरचा वण बघून विचारलं की तेच. आता पाटील नाहीत, त्यांचा भाऊ नाही, बंदूक गंजून गेली असेल, आणि सासरेही नाहीत. म्हणून हे सांगतोय. बायकोनं मात्र कोटाचं अस्तर पुन्हा शिवताना काही विचारलं नव्हतं.

वाडीनं येसबाला देवळातून काढलं. शिकल्यासवरल्या माणसावर, ते सुद्धा देवाच्या दारात हत्यार उगारणाऱ्या गुरवाच्या हातची पूजा कोण घेणार? पूजा त्याच्या पुतण्याकडं गेली. त्याला मारुतीच्या पायरीवर बसायलाही बंदी झाली. तीन पिढ्यांचं देऊळ त्याच्या हातून गेलं, माझ्या एका मान हलवण्यानं. मी शाळेत गणितं शिकवत होतो, जेवत होतो, झोपत होतो.

दोन महिन्यांनी मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी मी एकटाच निघालो, पाटलांना खरं सांगायचं असं ठरवून. वाटेत वाक्यं जुळवत होतो. वळणावर आलो तर येसबा त्याच दगडावर बसलेला. पेटी नव्हती, ती पुतण्यानं वर नेली होती. आता त्याला कुणाला अडवायचा हक्क नव्हता, तरी तो जाणाऱ्या प्रत्येकाला बारीक आवाजात सांगत होता. गाठुडी झाका, पोरांना मधी घ्या, दात दावू नगा. काहीजण ऐकत होते. बरेचजण त्याला शिव्या देऊन पुढं जात होते. विळा मारणारा गुरव तो हाच, असं एकानं दुसऱ्याला दाखवलंही. येसबा पानं टोचत होता.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. “येसबा,” मी म्हणालो, “मी पाटलांकडं चाललोय. काय झालं ते सगळं सांगणार आहे. तुमची पूजा तुम्हाला परत मिळेल.”

त्यानं हात थांबवला नाही. शेजारच्या दगडावर चार पानं आणि मूठभर चोया टाकल्या. “बसा,” म्हणाला.

मी बसलो. का बसलो कोण जाणे. खालच्या जांभळीत हालचाल झाली आणि कळप उतरला. ती पिल्लाला ओढणारी मादी होती, पिल्लू आता चांगलं मोठं झालेलं. मोठा नरही होता. तो थोडा पुढं येऊन आमच्याकडं तोंड करून बसला. माझ्या हाताचा वण ठणकायला लागला.

मला सांगायचं होतं की माझं चुकलं. माफी मागायची होती. पण असं कुणाला कधी म्हटलेलं नव्हतं, त्यामुळं काय करावं ते सुचेना, आणि मी ओशाळून त्याच्याकडं बघून हसलो. “येसबा, मी खरंच सांगतो त्यांना...”

“दात दिसत्यात, मास्तर,” तो पानाकडं बघतच म्हणाला. “तोंड मिटा.”

मी नराकडं बघितलं, खाली वाडीकडं बघितलं, पाटलांच्या घराच्या कौलांवर धूर होता. मी तोंड मिटलं आणि पत्रावळ लावायला घेतली.